वाटणी

ओवळ्याच्या वाटणीत
भावांना रस्त्याकडची जमीन, बामीबायला विहीर.
तलाठीसुद्धा हसला होता.

त्या जमिनीवर आता सत्तावीस मजले,
नळाला दिवसाआड वीस मिनिटं.
पहाटे चारपासून टँकर उभे.
बामीबाय कोळशाने भिंतीवर रेघा ओढते,
पाचवी आडवी.
एका टँकरमागे तिला तीनशे;
घोडबंदर रोड ओलांडेपर्यंत
तेच पाणी अडीच हजारांचं होतं.
कसं, ते तिने कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये अकरावी पायरी उघडी पडली.
तिच्यावर कुणाचा तरी तांब्या, चेपलेला.

बामीबायने मोटारीचा खटका पाडला.
"मावशी, दोन गाड्या बाकी आहेत."
"ऱ्हाऊ दे. वासराचा वाटा ठेव रं."

ड्रायव्हरने फोन लावला.
पलीकडून कुणीतरी
लगेच दर वाढवला.