शेकोटी कित्याक

बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत
सात वर्षं आम्ही राक्षस मारले.
पंखा चालू, म्हणून कागदांवर शिंपल्या.
मोठी शिंपली माझी, कारण गोष्ट मी सांगायचो.
पुस्तकं तीन. खरी प्रत कोणी पाहिलेली नव्हती;
आमची झेरॉक्स, पणजीहून स्पायरल करून आणलेली.
खाऱ्या हवेनं तार गंजली
आणि जादूच्या प्रकरणाला कडेनं तांबूस डाग धरला,
आगीच्या गोळ्यापासून अदृश्य होण्यापर्यंत.

सगळ्या गोष्टी एकाच खानावळीत सुरू व्हायच्या.
बाहेर हिमवर्षाव, आत शेकोटी.
वेंगुर्ल्यात, मे महिन्यात, बनियन पाठीला चिकटलेलं,
आम्ही हात शेकत बसायचो.
तेव्हा कोणी हसलं नाही.

पहिला गेला ज्योकिम.
त्याचं गणित सोपं होतं:
शिरोड्याची शेवटची गाडी सव्वानऊला,
आणि एक लढाई तीन तास.
एका शनिवारी, सातातले चार शत्रू शिल्लक असताना
तो उठला, पिशवी घेतली, दारातून म्हणाला,
"माझो माणूस थंयच उभो रवांदे. तलवार वर करून."
पुढच्या शनिवारी आला नाही.
मग कळलं, घरीच खेळतो, बहिणींबरोबर,
सोळा पानांचं काहीतरी:
लुडोचे फासे, एक होडी, एक रात्र.
पहाटे सगळे बुडतात नाहीतर किनाऱ्याला लागतात,
आणि जेवायला उशीर होत नाही.

निखत सोलकरचं भांडण वेगळं.
ती म्हणाली, ह्यात जे दिसेल त्याला मारायचा आकडा असतो.
माझ्या मामूनं खाडीवर जो दिवा पाहिला,
जो त्याच्या होडीपुढे चालत राहिला आणि काहीच बोलला नाही,
त्याला किती प्राण लिहू?
मी पुस्तक चाळलं. होतं.
पान एकशे नव्वद. बावीस प्राण, पाण्यावर तरंगतो,
अंधारात दिसतो साठ फुटांवरून.
मी वाचून दाखवलं.
तिथंच चुकलो.

गुरुनाथ राहिला.
का, विचारलं तर म्हणाला, "ह्या माका येता."
एवढंच.
मग तो कतारला गेला, एसी दुरुस्तीला,
आणि दोन महिन्यांनी तिकडून फोन:
खोलीत मनिलाचे दोघे, एक कालिकतचा,
कोणाचं बोलणं कोणाला धड कळेना,
ह्यानं खिशातून वीस बाजूंचा फासा काढला मात्र,
पलंग सरकवून जागा केली त्यांनी.
"सगळ्यांका ती खानावळ म्हायत आसा रे," म्हणाला.
त्याच्या मागे कोणीतरी ओरडत होतं, बहुतेक जिंकलं होतं.

मी ज्योकिमची सोळा पानं मागून घेतली.
एका संध्याकाळी वाचली.
खरं सांगायचं तर चांगली आहेत, आमच्यापेक्षा चांगली.
पण बर्फाच्या लाद्यांचा हिशेब मला वही उघडून करावा लागतो,
आणि ड्रॅगनचा श्वास किती फूट जातो
हे मी झोपेत सांगेन.
हे एवढं डोक्यातून काढलं
तर त्या जागी ठेवू काय?
निष्ठा वगैरे म्हणू नका ह्याला.
घरातलं जड कपाट हलवत नाही कोणी, तसं आहे ते.

यंदा उभादांड्याच्या दोन मुली आल्या, दहावी झालेल्या,
एकीच्या केसांना अजून समुद्राचं पाणी.
मी सवयीनं सुरू केलं: बाहेर हिमवर्षाव, आत...
"काका, शेकोटी कित्याक? कोणाक थंडी वाजता?"

सात वर्षांत हा प्रश्न पुस्तकातही नव्हता.
मी शेकोटी विझवली.
म्हटलं, बरं. उकडतंय. पंखा आहे पण वीज गेलीय.
आत कोणीतरी बांगडे तळतंय.
दारातून खाडी दिसते, खाडीवर एक दिवा,
त्याला किती प्राण ते मला माहीत नाही.
आणि कोपऱ्यात एक माणूस, तलवार वर करून, बराच वेळ उभा.

"तो कोण?"

फासा टाक, म्हटलं.