सूतभर

नोव्हेंबरात माझं मनगट मोडलं,
बाथरूमच्या ओल्या फरशीवर, विशेष काही न करता.
निहारचा स्वेटर सुयांवर तसाच लटकलेला.
पाठ झालेली, पोट अर्धं, बाह्या नुसत्या मनात.
हे म्हणाले, "आण इकडे."

हे म्हणजे शेलार.
खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर.
सूतभर फरक चालायचा नाही यांना,
म्हणजे लोखंडात.
त्या सुताची गाठ कधी खऱ्या सुताशी पडेल
असं त्यांनाही वाटलं नसावं.

मी प्लास्टरातून हुकूम सोडायची,
दोन सुलट, दोन उलट, धागा मागे, अहो मागे!
आणि हे ओठ मुडपून, चष्मा कपाळावर,
जसा काही स्वेटर हातात फुटेल.
तळमजल्यावरच्या फिलोमिनाबाई
कुलकुलचा डबा घेऊन आल्या
त्या दारातच थांबल्या.
"मिस्टर शेलार, धागा जरा ढिला सोडा.
पळून नाही जात तो."

थंडी यंदा बरी पडलीय.
सकाळी बोपोडीच्या पुलावरून नदी दिसत नाही,
जे एकूण चांगलंच आहे.
पेपरात आठ पूर्णांक सहा वाचलं
की मग आम्हाला हुडहुडी भरते,
तोवर नुसतंच गार वाटत असतं.
कानटोपी, कोकम तेल, टाचांच्या भेगा,
भेगांत अडकलेली निळी लोकर.
शंभराला अडीच किलो मिळाले म्हणून मटार आणले.
आता सोलणार कोण?
एकाचा हात प्लास्टरात,
एकाचा स्वेटरात.

नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लागलं, जुन्याच्या वर.
जुन्यावर दुधाचे खाडे आहेत,
हिशेब मिटेपर्यंत त्याला सुट्टी नाही.
शेलारांनी आधी पाहिलं
कुठल्या सुट्ट्या रविवारी गेल्यात.
फार हळहळले.
निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

मी मात्र दर वर्षी संकल्प सोडते.
मराठीत सोडणं म्हणजे करणं,
किती सोयीचं आहे हे.

एकतीसला शाल्मली बालेवाडीहून बाळाला घेऊन आली.
स्वेटर घातला.
घातला म्हणजे डोकं आत गेलं
आणि तिथेच राहिलं.
निहार आतून काहीतरी बोलला.
शेलारांनी खिशातून टेप काढली,
स्वेटर मोजला, बाळ मोजलं, पुन्हा स्वेटर मोजला.
"माप बरोबर आहे," म्हणाले, "मूल चुकलंय."

माप ऑगस्टमधलं होतं.

एरवी आम्ही दहाला झोपतो.
पण उसवायचं होतं, आणि उसवायला एक हात पुरतो.
हे दोन्ही हात पुढे धरून बसले,
बेड्यांची वाट पाहत असल्यासारखे.
आधी बाह्या गेल्या, सैल, फिलोमिनाबाईंच्या नंतरच्या.
मग पोट, यांनी आवळून विणलेलं, सुटता सुटेना.
मग तो बाथरूमचा दिवस.
मग माझी पाठ, गणपतीतली,
मोदकाच्या तुपाचा एक डाग होता तिथे,
कुणाला सांगितलं नव्हतं.
बारा वाजले. खाली पोरांनी माळ लावली.
हात लोकरीत, यांना कान झाकता येईनात,
मीच एक झाकला.
दुसऱ्या कानाने नवं वर्ष आलं.

लोकर मोकळी झाली तरी कुरळीच राहिली,
जुने टाके आठवत.

एक तारखेला मटार उसळ झाली, शाल्मलीने सोलले.
दुपारी बाल्कनीतल्या उन्हात खुर्च्या सरकवत सरकवत
यांनी नव्याने टाके घातले.
चौऱ्याऐंशी हवे होते.
मी मोजले, त्र्याऐंशी.
पुन्हा मोजले.
आता सगळं काढतील म्हणून मी गप्प राहिले,
तर शेलार सुई न थांबवता म्हणाले,
"असू दे गं.
सूतभर."