गंगावेशीत, पावणेबारा

वैशाखात कोल्हापूर रात्री दहानंतर उठतं.
दिवसभर पत्र्याखाली पालथं पडलेलं गाव
खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर येतं.
राजारामपुरीत काचेच्या दारामागं कोल्ड कॉफी,
रंकाळ्यावर भेळ,
आणि इथं, गंगावेशीत,
ट्यूबलाइटखाली उभी म्हैस.

मी सीपीआरमधून सुटते, चार्ज देता देता अकरा वाजतात.
अंगाला डेटॉलचा वास, पोटऱ्यांत गोळे.
घरी गेलं की सगळे विचारतात, जेवलीस का;
इथं कुणी काही विचारत नाही म्हणून येते.
पहिल्या दिवशी कट्ट्यावर बसले
तर पुरुषमंडळी एवढी सरकली
की माझ्या दोन्ही बाजूंना चार माणसांची जागा रिकामी.
आता सरकत नाहीत.
एवढी बढती हॉस्पिटलनं पाच वर्षांत दिलेली नाही.
सर्जेराव गवळ्याच्या वहीत माझं नाव 'सिस्टर',
खाली 'फौंड्रीचा बापू', 'चष्मा', 'चष्म्याचा भाऊ'.

तर काल.
काल म्हशीनं पान्हा चोरला.

सर्जेराव बसलेला, गुडघ्यांत चरवी,
सडांवर पाण्याचा हात फिरवतोय, पुन्हा फिरवतोय,
धार नाही.
दुसरी पाळी सुटलेली पोरं, भुवयांत अजून मोल्डिंगची वाळू,
तालमीतला इलाही, हातात रिकामा पितळी गिलास,
कॅफेतली लाइट गेली म्हणून इकडं आलेली
कॉलेजची चौघं, नाक मुरडावं की नको या विचारात.
कुणीतरी म्हणालं, "आज सुट्टी हाय काय रं तिला?"
सर्जेराव मान वर न करता बोलला,
"हसू नगा. गर्दी कळती तिला."

मग बुलेट बंद झाली.
मोबाइलवरचं गाणं बंद झालं.
इलाहीनं जाऊन ट्यूबलाइटचं बटण खाली केलं.
त्या उकाड्यात वीस-बावीस माणसं
गिलास छातीशी धरून
एका म्हशीसाठी गप्प उभी.
घाम कानामागनं उतरायचा, तोही हळू.

दहा वाजता, सात नंबरच्या खाटेवर,
शिरोळकडची जयमाला, एकोणीस पुरी नाहीत,
भोवती सासू, नणंद, मावशी,
व्हिडिओ कॉलवर आणखी एक आत्या:
"अजून येईना व्हय? अजून?"
शतावरी झाली, अळीव झालं, दृष्ट काढून झाली,
बाळ रडून रडून लालबुंद,
आणि ती भिंतीकडं बघत, चोर पकडल्यासारखी.
मी सगळ्यांना बाहेर काढलं. पडदा ओढला.
आणि माझी ड्यूटी संपली.
पडद्याआड पुढं काय झालं मला माहीत नाही.

अंधारात पहिली धार चरवीच्या तळाला लागली,
चिल्लर सांडावी तशी.
मग दुसरी.
मग आवाज जाड होत गेला,
दूध दुधावर पडायला लागलं की होतो तसा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

लाइट लागली. गिलासाच्या काठावर फेस.
बाहेर अंगाची लाही, आणि दूधही कोमटच,
म्हशीच्या अंगाएवढं,
तरी आम्ही पितो. काचेमागचा बर्फ
ज्याचा त्याला लखलाभ.
कॉलेजातल्या एकानं घोट घेतला, डोळे मोठे केले,
दुसरा गिलास त्यानंच मागितला.

माझा हात पर्समध्ये.
वॉर्डात रात्रपाळीला शेवंता आहे,
उचलेल, सांगेल, एका शब्दाचं काम.
नंबर काढला.
स्क्रीनचा उजेड म्हशीच्या डोळ्यात पडला,
तिनं एक कान हलवला.

ठेवला परत.

"सिस्टर, लिहू न्हवं?"
"लिहा. एक."