खुर्चीचे पैसे

केस कापायची खुर्ची विकली, चारशे वीस डॉलरला.
बिस्मार्कहून एक पोरगा आला पिकअप घेऊन,
पायाने दाबायची दांडी बघून म्हणाला, "चालते का अजून?"
म्हटलं, "ती चालते. माझे हात चालत नाहीत."

एकतीस वर्षं या गावाच्या माना
माझ्यापुढे वाकल्या.
आता कात्री धरली की कुठे जायचं ते कात्रीच ठरवते.
आणि गुरुवारी संध्याकाळी, खडीच्या जुन्या खाणीत,
आम्हा बायकांची नेमबाजी चालते तेव्हा
माझ्या पिस्तुलाचं टोक
पोलादी थाळीभोवती माशीसारखं फिरतं.
गोळ्या जातात मागच्या मातीत.
माती बिचारी काही बोलत नाही.

हॉलिसचं दुकान : पुढे मासेमारीचे गळ,
मागे बंदुका,
मधे एक फ्रीज, त्यावर चिठ्ठी :
'आत गांडुळं आहेत. जेवण ठेवू नये.'
"कार्बाइन हवी," मी म्हणाले, "नऊ मिलिमीटरची.
घरात त्याच गोळ्यांचे डबे आहेत.
मॅगझिनही पिस्तुलाचीच बसली तर देव पावला.
चारशे वीसच्या आत. कर धरून."

हॉलिसने कॅल्क्युलेटर नाही, भुवया उचलल्या.

पहिली मधोमध दुमडणारी.
पाठपिशवीत मावते, म्हणे.
मला कुणापासून काय लपवायचंय?
गाल टेकवला तर प्लॅस्टिकची शिवण टोचली.

दुसरी देखणी. काळीभोर, हलकी,
घोडा असा की काचेवर नख ओढावं.
किमतीची चिठ्ठी मी उलटी केली, वाचली,
परत सुलटी केली,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी.

"खालची दाखव."
"ती?" हॉलिस म्हणाला. "ती जड आहे, डेल्फा.
स्वस्त बंदुकीत मागचा धक्का
बोल्टच्या वजनानेच अडवतात.
शिवाय वापरलेली."
मी आधी बोल्ट मागे ओढला,
चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं : रिकामं.
मग खांद्याला लावली.

दस्ता कुणीतरी करवतीने आखूड केलेला,
कडा कानशीने घासलेल्या, मनापासून, पण वाकड्या.
एखाद्या लेकरासाठी असणार.
लेकरू वाढलं असणार.
मी साठीनंतर वाढायची थांबून
आक्रसायला लागलेली,
मला तो बरोब्बर बसला.

माझं मॅगझिन सरकवलं. खट्.
"किती?"
"तीनशे दहा."
"ते वाकडं घासलेलं?"
"तीनशे," हॉलिस म्हणाला,
आणि फॉर्म भरायला चष्मा शोधू लागला,
जो त्याच्या टकलावर होता.
त्या टकलावरचे शेवटचे केस मीच कापलेले.
चष्मा कुठे आहे ते सांगितलं नाही.

उरलेल्या पैशांत गोळ्या.
लाल ठिपक्याची दुर्बीण काचेतच राहिली.
राहू दे.

गुरुवारी वारा होता.
थरथर गेली नाही, खोटं कशाला बोलू.
पण हातांनी हात टेकले तेव्हा
खांदा पुढे आला, मग गाल,
मग सगळं वजन मिळून म्हणालं, बस इथे.
माशी अजून फिरतच होती,
फक्त आता ती
थाळीच्या आतल्या आत फिरत होती.

ठण्ण.
कान झाकलेले, तरी दातांत ऐकू आलं.
मग परत. मग एक हुकली. मग परत.

"केवढ्याला पडली?" ओनिडाने विचारलं.
"एक खुर्ची," मी म्हणाले, "सुट्टे परत मिळाले."
ती हसत वाकली रिकामी काडतुसं वेचायला
आणि तिची मान माझ्यापुढे आली.
मागचे केस डावीकडे चढते कापलेत कुणीतरी.
बोटभर फरक.

मी मॅगझिन काढलं, चेंबर उघडलं,
दोनदा पाहिलं,
आणि काही बोलले नाही.