बटाट्यांची ऊब

एडमन्स्टनला उणे एकतीस.
जुनी टाकी बुडातून गळाली;
ओदिलने खाली परात सरकवली.

रेआल म्हणाला, हा नवा बंब
हवेतलीच ऊब ओढून घेतो,
वीज जेमतेम तिसरा हिस्सा.
पण… तळघर गारठेल, हं.

"म्हणजे मार्चआधीच कोंब फुटायचे नाहीत?"
तिने टॉर्च पोत्यांवर फिरवला.
किंमत दोनदा विचारली.
तिसऱ्यांदा त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आता रात्रभर खाली काहीतरी घुमतं,
झोपेत हिशेब पुटपुटावा तसं.
वर शेगडीत मेपल धुमसतं,
त्याची धग जिना उतरत
पोत्यांना शिवून
टाकीत शिरते.

पहाटे ओदिल नळाखाली बोटं धरते,
कढत पाण्याला विचारते:
तू ओंडक्याचं,
की माझ्या बटाट्यांचं?