दहा लाख नऊ

झुग्दिदीचा चहाचा कारखाना बंद झाला,
तेव्हाच्या शेवटच्या खोक्यावर शिक्का होता : १०००००९.
हिशेबनीस नाझिब्रोला ते रिकामं खोकं घरी घेऊन आली.

सम नाही. पाचाने जात नाही.
अंकांची बेरीज दहा, म्हणजे तीनही गेले.
त्याच हिवाळ्यात दीर मळ्याचे तीन भाग मागत होते.
तीनाने जात नाही, ती म्हणाली. त्यांना कळलं नाही.
सात, अकरा, तेरा : बाकी उरतेच.
मूळ संख्या असणार ही,
कुणाच्याच वाटणीला न जाणारी.

वीज जायची, तेव्हा मेणबत्तीशी भागाकार.
एकसष्ट मूळ संख्या खोडून झाल्या
आणि बासष्टावीला, २९३ला,
बाकी शून्य.

चाळीस वर्षं बाकी शून्य आली
की ती दिवा मालवून घरी जायची.
आज घरीच होती.

शेजारचा बेसिक विद्यापीठातून आला, हसला.
हजाराचा वर्ग अधिक तीनाचा वर्ग;
९७२चा आणि २३५चा मिळवा, तरी हीच.
विषम संख्या अशी दोन घरची असली
की मूळ नसते, मावशी. भागायची गरजच नव्हती.

मग तिने विभाजक मांडले :
एक, २९३, ३४१३.
बेरीज तीन हजार सातशे सात.
एवढ्या मोठ्या आकड्याच्या पदरात एवढंच?
अशीला न्यून संख्या म्हणतात, बेसिक म्हणाला.
तूट, तिने दुरुस्त केलं,
आणि लाल पेन्सिल शोधायला उठली.

खोक्यात आता मळ्यातले हेझलनट असतात.
मोजलेले नाहीत.