क्रियापद येईपर्यंत

केमनिट्स. नोव्हेंबर. सूत रंगवायच्या जुन्या कारखान्याचं तळघर,
भिंतीवर अजून निळीचा ओघळ,
कितीही चुना मारा, वर येणारा.
माणसं एकतीस. त्यातली तिघं बारच्या मागे, पगारावर.

या बँडला ड्रमर नाही.
एक करडी पेटी आहे, टिलोने जुन्या बाजारातून आणलेली,
चार बटणं गेलेली. ती ठोके देते,
न घामेजता, कोणाकडे न बघता.

हेनर गातो म्हणजे
नोटीस वाचून दाखवावी तसा बोलतो,
हनुवटी छातीला टेकवून:
“कारण तू जिन्यातला दिवा
काल रात्री, मी वर येत असताना...”
आणि थांबतो.

जर्मनमध्ये अशा वाक्याचं क्रियापद सगळ्यात शेवटी.
ते येईपर्यंत
दिवा लावलेला नसतो, विझवलेलाही नसतो.
हेनर ते चार ठोके तोंडात धरतो, कधी आठ.
लावलास की विझवलास,
तोवर त्यालाही ठाऊक नसतं म्हणे.
एकदा त्सविकाऊला त्याने ते सांगितलंच नाही.
लोक कोट चढवून तसेच घरी गेले,
अर्ध्या जिन्यात.

आज मागच्या खांबापाशी रोझविटा उभी आहे,
बेस वाजवणाऱ्या गुंडुलाची आई.
कानात कापसाचे बोळे, पर्स दोन्ही हातांनी धरलेली.
तिला सांगून आणलंय की तिसरं गाणं तिच्यावर आहे.
तिच्यावर म्हणजे मोजे विणायच्या यंत्रावर,
ज्याच्यापाशी ती बावीस वर्षं उभी राहिली
आणि ज्याला एक्क्याण्णवच्या जूनमध्ये
कोणीतरी, किलोच्या भावाने

टक. टकटक. टक.
शाळा सुटल्यावर फाटकाशी आईची वाट बघताना
गुंडुलाने कानात भरून आणलेला ठोका.
काळ्या ओठांची पोरं डोळे मिटून डुलतात.
धुराचं यंत्र खोकतं.
रोझविटाचा उजवा हात पर्स सोडतो,
हवेतलं काहीतरी चिमटीत पकडतो,
तुटला धागा गाठावा तसं,
आणि मुकाट पर्सवर परत येतो.
कोणी पाहिलं नाही.
गुंडुलाने पाहिलं, आणि एक सूर चुकली.

नंतर, वायरी गुंडाळताना, आई म्हणाली,
“तिसरा ठोका उशिरा पडतो तुमचा.
आमचा पडत नसे.
पडला असता तर टाच उसवली असती.”

टिलो हसला. मग हसायचा थांबला.
पेटी पुन्हा जोडली.
तिने बोळे काढून खिशात ठेवले,
टेबलावर बोट आपटून दाखवलं: इथे.
नाही, नाही. इथे.
शेवटची ट्राम निघून गेली.
कोणीतरी तिला बिअर दिली, तिने अर्धी प्यायली.

जाताना स्कार्फ बांधता बांधता हेनरला विचारलं,
“त्या दिव्याचं मग खरं काय झालं?”
त्याने खांदे उडवले.
“आमच्या जिन्यातला,” ती म्हणाली,
“दोन मिनिटांनी आपला आपणच विझतो.”